घरटी एक बादली

ऑगस्टमधला शेवटचा शुक्रवार. नळाचा दिवस, पण नळ अजून आलेला नव्हता. सकाळी सफिया आपांच्या दारात हजर: त्यांचा मुलगा इरफान, सून शबाना, शहागंजातून आलेले आपांचे धाकटे भाऊ, शेजारची मंदा, माझे यजमान, मी, आणि गल्लीतल्या बाकीच्या घरांमधून एकेक माणूस. गैरहजर: माझ्या सासूबाई. गुडघ्यांमुळे त्यांना उतरता येत नाही, त्या आमच्या खिडकीत बसून होत्या. कॉलेजच्या ऑफिसात अधीक्षक म्हणून बैठकांची इतिवृत्तं लिहिता लिहिता कुठंही गेलं की आधी कोण आलंय ते पाहायची मला सवय लागली आहे. त्या दिवशीही मी तेच केलं. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

आपा चार दिवसांसाठी बिडकीनला इरफानकडे गेल्या होत्या. त्याची कंपनी तिकडे, घर तिकडे, आणि आपांच्या हृदयाच्या तपासण्या तिकडूनच करायचं ठरलं होतं. झोपेतच गेल्या. पहाटे इरफानचा फोन आला, "काकी, अम्मीला घेऊन येतोय. घर उघडून ठेवता का?" एवढंच. त्यांच्या घराची एक किल्ली कायम माझ्याकडे असते. मी कुलूप काढलं, खिडक्या उघडल्या, शिलाई मशीन भिंतीकडे सरकवलं. आपांना आणल्यावर शबाना मागच्या अंगणात गेली आणि लगेच परत आली. म्हणाली, "काकी, पाणीच नाही. दोन्ही ड्रम पालथे आहेत."

शेवटच्या आंघोळीला पाणी हवं होतं आणि आपांच्या घरात थेंब नव्हता. नसणारच. गावाला जाताना ड्रम रिकामे करायचे, घासायचे आणि पालथे घालून जायचं, हा नियम आमच्या गल्लीला आपांनीच लावला होता आणि चार दिवसांसाठी जातानाही त्यांनी तो पाळला होता. मग मंदा घरी गेली आणि बादली घेऊन आली. तिच्यामागून मी. मग एकेक करत सगळी घरं. नळ यायच्या दिवशी सकाळी आमच्याकडे ड्रमच्या तळाशीच काय ते पाणी उरलेलं असतं, त्यामुळे काही बादल्या अर्ध्याच होत्या. शबानानं त्या अंगणात ओळीनं लावून घेतल्या. नळ दुपारी आला... आपांना नेल्यानंतर.

त्यानंतर भेटायला येणाऱ्या जवळपास प्रत्येकानं मला एकच प्रश्न विचारला. "डेंग्यू होता का?" नव्हता. पण प्रश्न चुकीचाही नव्हता. आमच्या भागात पावसाळा उतरणीला लागला की कुणी आजारी पडलं तर आधी तेच विचारतात, आणि आपांचं नाव तर त्या तापाशी कायमचं जोडलं गेलेलं. ते कसं, हे सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा आपा पुढच्या खोलीत पिको-फॉल आणि ब्लाउज शिवायचं काम करायच्या. शहागंजातल्या दोन कापड दुकानांचं कामही त्यांच्याकडे असे. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, अंगानं दणकट, आवाज गल्लीच्या या टोकाचा त्या टोकाला जाणारा. मराठी आणि दखनी त्या एकाच वाक्यात बोलायच्या आणि आपण भाषा बदलली हे त्यांना कळायचंही नाही. मी ऑफिसला जाताना हातात कागद असायचा, भाजी, बिलं, दवाखाना असं काहीबाही लिहिलेला. तो त्यांनी पहिल्याच महिन्यात हेरला. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी यादीवाली झाले. "आली बघा यादीवाली. आज किसका नंबर है? मेरा तो नहीं ना?"

ओळख घट्ट झाली ती पाण्यामुळे. बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं, आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कित्येक वर्षांपासून आठवडा-आठवडा वाट पाहावी लागते, कधी त्याहून जास्त. त्यामुळे आम्ही वेळसुद्धा पाण्यावर मोजतो. "गेल्या पाण्याला तो आला होता," "पुढच्या पाण्याच्या आत पैसे देते," असं बोलतो. प्रत्येक घरात ड्रम, टाक्या, हंडे, रांजण, जे मिळेल ते भरून ठेवलेलं. आणि नळ कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळे नळाच्या दिवशी घरात माणूस लागतंच. ज्या घरात माणूस नसेल त्याचं पाणी शेजाऱ्यानं भरायचं, ही आमच्या गल्लीची रीत. भिंतीवरून पाइप टाकायचा आणि शेजाऱ्याचे ड्रम भरून द्यायचे. मी नोकरी करणारी, सासूबाई तेव्हा बराच काळ करमाडला शेतावर असायच्या, त्यामुळे आमचं पाणी वर्षानुवर्षं आपांनी भरलं. संध्याकाळी दमून घरी यावं तर अंगणातले तिन्ही ड्रम काठोकाठ. मी आभार मानायला गेले की त्या मशीनवरून मान वर न करता म्हणायच्या, "थँक्यू नक्को. ब्लाउजचं माप वेळेवर देत जा." एकट्या आमचंच नाही. कुणी लग्नाला गेलं, कुणी बाळंतपणाला, कुणी हजला, त्यांच्या मागं त्यांचं पाणी आपांकडे. परत आलेल्या माणसाला घरात भरलेलं पाणी मिळावं यासारखं सुख आमच्या शहरात दुसरं नाही, आणि ते सुख देणारी बाई म्हणून गल्लीत त्यांचा मान होता.

आता तापाबद्दल. डेंग्यू आमच्याकडे येत नाही, तो इथंच असतो. कुठल्यातरी वर्षी जास्त, कुठल्यातरी वर्षी कमी, पण गणपती बसले की कुणाच्या ना कुणाच्या घरात अंग मोडून काढणारा ताप सुरू होतो आणि तो दिवाळीपर्यंत गल्लीतून फिरत राहतो. जी गोष्ट कायम असते तिची भीती वाटेनाशी होते, तिची सवय लागते. आमच्याकडे लोक प्लेटलेटचे आकडे उन्हाळ्यात तापमान सांगावं तसे सांगतात. कुठल्या लॅबचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत मिळतो, कुठं खाट मिळते, हे सगळ्यांना तोंडपाठ. आपांच्या मागच्या अंगणात एक पपईचं झाड होतं. ते कधी डेरेदार झालंच नाही, कारण दर वर्षी पानांच्या रसासाठी लोक ते ओरबाडून न्यायचे. त्या रसानं काही होतं का, हे डॉक्टरांनी मला कधी ठाम सांगितलं नाही. आपा पानं तोडू द्यायच्या आणि वर म्हणायच्या, "फळ कुणी मागत नाही, सबको पत्ता होना!" एकदा मी म्हणाले, हा आजार दर वर्षी पाहुण्यासारखा येतो. त्या हसल्या. "पाहुणा? अगं, पाहुणा जातो तरी. ये किरायेदार है. आणि भाडंबी देत नाही."

काही वर्षांपूर्वीची दिवाळी. आम्ही सगळे करमाडला गेलो होतो. दिराच्या मुलीचं लग्न दिवाळीला जोडून होतं, म्हणून मुक्काम वाढला, जवळपास तीन आठवडे. मध्ये दोनदा नळ आला, दोन्ही वेळा आपांनी आमचे ड्रम पाहिले, जिथं कमी झालं होतं तिथं वरून भरून ठेवलं. आम्ही रात्री परतलो. अंगणात चांदण्यात तिन्ही ड्रम काठोकाठ, आणि शेजारून आवाज, "सुलभा, आलात का? पाणी आहे बरं!" मुलगी पूर्वा तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. ती म्हणाली, "आपा असल्यावर आपल्याला काय कमी."

पुढच्या आठवड्यात पूर्वाला ताप चढला. डोळ्यांच्या मागं दुखतंय म्हणाली तेव्हाच मला कळलं. दोन दिवसांत दवाखान्यात न्यावं लागलं, प्लेटलेट उतरत गेल्या, हातावर लाल ठिपके आले. त्या काळाबद्दल मी जास्त लिहिणार नाही. कामं वाटून घेतली, कोण कधी बसणार ते ठरवलं, आणि सगळे ते पाळत राहिलो. रिपोर्ट आल्यावर महापालिकेचा तपासणीचा माणूस आला. बॅटरी आणि पांढरी वाटी घेऊन तो घरोघर पाणी तपासत फिरत होता. मी कपडे न्यायला घरी आले होते. आपा त्याच्यासोबतच होत्या, घरं दाखवत. त्यानं आमच्या पहिल्या ड्रममध्ये वाटी बुडवली आणि उजेडात धरली. वाटीत बारीक बारीक वळवळ. दुसऱ्यातही. तिसऱ्यातही. "ताई, हे पाणी किती दिवसांचं?" त्यानं मला विचारलं. मी उत्तर द्यायच्या आत आपा म्हणाल्या, "मैं भरी. मी भरलंय ते."

तो बिचारा सांगत राहिला. नुसतं वरून पाणी ओतत राहिलं की खालचं पाणी तसंच राहतं. ड्रमच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या रेघेच्या वर, डासाची अंडी चिकटलेली असतात, ती कोरडी पडली तरी मरत नाहीत आणि वर पाणी चढलं की फुटतात. वापरात असलेला ड्रम निदान रिकामा तरी होतो. बंद घरातला भरलेला ड्रम म्हणजे त्यांची निवांत सोय. हे त्यानं आम्हाला सांगितलं, पण आपा ऐकत होत्या असं मला वाटलं नाही. त्या वाटीकडे पाहत होत्या.

चार-पाच दिवस त्या दवाखान्यात आल्या नाहीत. डबा शबानाच्या हाती यायचा, ती आणि इरफान तेव्हा आपांकडेच राहायचे. मग एका दुपारी आल्या, पूर्वाच्या खाटेजवळ स्टुलावर बसल्या आणि तिचे पाय चेपू लागल्या. मी म्हणाले, "आपा, पूर्वाला कुठल्या डासानं चावलं, कुठल्या ड्रममधल्या, हे जगात कुणी सांगू शकत नाही. तेव्हा गल्लीत आणखी दोन घरांत ताप होता. डॉक्टरही तेच म्हणाले."

"लिहून दे मग," त्या म्हणाल्या.

"काय लिहून देऊ?"

"हेच. सफियाच्या पाण्यानं झालं नाही. सही कर, तारीख टाक. तुझ्या यादीवर माझा भरोसा आहे, सुलभा... तोंडावर नाही. तोंडानं तू चांगलंच बोलणार."

मी काही लिहून दिलं नाही. देता आलं नसतं. पूर्वा डोळे मिटून पडली होती, ती म्हणाली, "आपा, पाय जोरात चेपा ना, गुदगुल्या होतायत." त्यावर त्या हसल्या आणि तिथंच विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

पूर्वा बरी होऊन घरी आली. पुढच्या नळाला मंदा जळगावला बहिणीकडे निघाली होती. नेहमीसारखी किल्ली द्यायला गेली. आपांनी किल्ली घेतली आणि म्हणाल्या, "घर बघते. पाणी नाही भरणार. ड्रम खाली करून, घासून, पालथे घालून जा."

मंदाला आधी वाटलं, चेष्टा आहे. मग तिला राग आला. "पाण्याला नाही म्हणताय, आपा? गल्लीत कुणी कुणाला पाण्याला नाही म्हटलंय का आजवर?" मंदा तशीच गेली, ड्रम अर्धे भरलेले ठेवून. आपांनी मला हाक मारली, आम्ही दोघींनी तिच्या अंगणात जाऊन ते पाणी बादल्यांनी तिच्याच झाडांना आणि जिन्याला घातलं, ड्रम घासले आणि पालथे केले. मंदा परत आली तेव्हा रात्र होती, सोबत म्हातारे सासरे, आणि घरात तांब्याभर पाणी नाही. ती दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. शेजाऱ्याला कोरडं ठेवणारी बाई, वगैरे. आपा त्यांच्या घरातून एक बादली घेऊन बाहेर आल्या, मंदाच्या उंबऱ्यात ठेवली, आणि माझ्या दाराकडे पाहून ओरडल्या, "यादीवाली! तेरी बादली?" मी नेली. मग त्या प्रत्येक दारात गेल्या. अर्ध्या तासात मंदाकडे रात्र आणि सकाळ निघेल इतकं पाणी जमलं, एकही बादली शिळी नाही. मंदानं पाणी घेतलं, पण पुढची दिवाळी उलटेपर्यंत आपांशी ती एक शब्द बोलली नाही.

तेव्हापासून गल्लीचा नियम तोच झाला. जाताना पालथे ड्रम, आल्यावर घरटी एक बादली. कागदावर तो मी उतरवला आणि दारोदार नेला, पण तो रुजवला आपांनी, आणि रुजवताना बरंच ऐकून घेतलं. सगळ्यात कडक विरोध आमच्या घरातला. सासूबाई तोवर कायमच्या शहरात आल्या होत्या. करमाडला नातीच्या बारशाला निघताना मी ड्रम पालथे घालायला लागले तशा त्या कडाडल्या.

"रिकामं भांडं पालथं घालून गावाला जात्यात व्हय? लई अभद्र काम हाय ह्ये. शुभकार्याला निघालाव आपण!"

आपा भिंतीपलीकडून म्हणाल्या, "अम्मा, घासलेली भांडी तुम्ही पालथीच घालता ना निथळायला?"

"ती मोरीत. दारात नाय."

"मग दाराला मोरी समजा."

"तुझ्या जिभेला काय हाडबीड हाय का नाय गं, सफिया?"

शेवटी तडजोड झाली ती सासूबाईंच्याच डोक्यातून निघाली. देवापाशी एक तांब्या भरून, वर घट्ट झाकण लावून ठेवायचा, म्हणजे घर रिकामं राहिलं असं होत नाही, बाकी ड्रमांचं काय करायचं ते करा. आपांनी ते लगेच मान्य केलं. "हौ अम्मा, तांब्या चलता. दोनशे लिटरचा शकुन नक्को." सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. आजही गल्लीतल्या तीन-चार घरांत बाहेरगावी जाताना तसा तांब्या ठेवतात.

मग टोप्या आल्या. ड्रमची झाकणं एक तर हरवलेली असतात नाहीतर तडकलेली. आपांनी प्रत्येक घराकडून एक जुनी सुती साडी मागून घेतली आणि ड्रमच्या तोंडाच्या मापाच्या टोप्या शिवल्या, कडेला इलॅस्टिक घालून, आंघोळीच्या टोपीसारख्या. पैसे घेतले नाहीत, पण साडी नायलॉनची दिली तर परत पाठवायच्या. त्यामुळे आमच्या गल्लीत कुठल्या अंगणात डोकावलं तरी ड्रमवर त्या त्या घरातली सासू किंवा आजी बसल्यासारखी दिसते. आमच्या तिन्ही ड्रमांवर सासूबाईंचं हिरवं पातळ आहे. त्यांना ते आवडलेलं नाही. "मला जित्तेपणी ड्रमावर बसिवलं," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

नळाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, मी ऑफिसातून आले की, आम्ही दोघी ड्रम घासायच्या कामाला लागायचो. आधी त्यांचे, मग आमचे, मग ज्या घरात म्हातारी माणसं आहेत त्यांचे. तळाचं गुडघाभर पाणी उरलेला ड्रम एकटीला कलंडत नाही. मी कड धरायची, त्या बूड उचलायच्या. "धर... धर... आता सोड!" आणि गढूळ पाणी भसकन मोरीत. मग काथ्यानं आतून घासणं, पाण्याच्या रेघेपाशी जास्त. त्या अर्ध्या ड्रमच्या आत जायच्या आणि आतूनच बोलत राहायच्या. इरफानचं लग्न, सुनेशी झालेला पहिला खटका, नवऱ्याच्या जाण्यानंतर आलेली वर्षं, यातलं बरंचसं मी ड्रममधून घुमत आलेल्या आवाजात ऐकलं आहे. आपा समोरासमोर कधी फारसं सांगत नसत.

मला या लेखात एक गोष्ट नीट लिहायची आहे, कारण श्रद्धांजलीच्या वेळी लोक जास्त बोलून गेले. आपांनी आमच्या गल्लीतून डेंग्यू घालवला, असं झालेलं नाही. काही वर्षं ताप कमी राहिला, मागच्या वर्षी पुन्हा चार घरांत आला. आम्ही आमचे ड्रम पाहू शकतो. मागच्या रस्त्यावर चाललेल्या बांधकामाचा खड्डा, दुकानांच्या गच्चीवरचे टायर, बंद घरांचे कूलर आमच्या हातात नाहीत. मागच्या वर्षी मी खचून म्हणाले, "आपा, एवढं करून काय उपयोग?" तेव्हा त्या काथ्या झटकत म्हणाल्या, "किरायेदार आहे, तो निघणार नाही. पर उसकू पाळणा कायको बांधना?" पूर्वाच्या तापाबद्दल त्या नंतर कधीच काही बोलल्या नाहीत. फक्त आमचे तीन ड्रम त्या स्वतः तपासायच्या, बॅटरी घेऊन, मी तपासलेले असले तरीही.

शेवटची भेट बिडकीनला जायच्या आदल्या संध्याकाळची. त्यांना दम लागत होता. मी म्हणाले, चार दिवसांचा तर प्रश्न आहे, राहू द्या ड्रम, मी पाहीन. त्यांनी ऐकलं नाही. पहिला ड्रम आम्ही नेहमीसारखा कलंडवला. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी बूड उचललं आणि मध्येच खाली ठेवलं. मी आतलं पाणी बादलीनं उपसलं, घासला, आणि रिकामा ड्रम एकटीनं पालथा केला. त्या त्यावरच बसल्या, घाम पुसत. "बघ, पालथा ड्रम बसायलाबी कामाला येतो," म्हणाल्या. मी विचारलं, परत कधी येणार. "नळाच्या आधी," त्या म्हणाल्या. "नळाचा काय भरोसा. नाही आला तर तुम्ही आहातच ना... एक एक बादली." मग टोप्यांचा ढीग माझ्या हातात दिला, धुऊन वाळवलेल्या. त्यात मंदाच्या घरची एक होती, तिचं सैल झालेलं इलॅस्टिक त्यांनी बदललं होतं. "तिला तू दे. माझ्या हातनं घेताना ती अजून अवघडते."

चाळिसावा मागच्या आठवड्यात झाला. इरफान-शबाना आले, फातिहा झाली, जेवणं झाली, घराला पुन्हा कुलूप लागलं. घराचं काय करायचं ते त्यांचं ठरायचं आहे, तोवर किल्ली माझ्याकडे. परवा, नळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, मी झाडायला म्हणून आत गेले. पपईला नवी पानं फुटली होती. यंदा अजून कुणी तोडायला आलेलं नाही. आणि त्या पपईशेजारी, जिथं दोन पालथे ड्रम असायला हवे होते, तिथं एक उभा होता. काठोकाठ भरलेला. पाणी इतकं स्वच्छ की तळ दिसत होता.

भिंतीपलीकडे पाइप गुंडाळण्याचा आवाज येत होता. मी म्हणाले, "मंदा, हे तू केलंस?"

पाइपचा आवाज थांबला. मग ती भिंतीशी आली. "चाळीस दिवस बघतेय गं," ती म्हणाली. "रोज गच्चीवर गेलं की ते पालथे दिसतात. बघवेना. आपांचं अंगण कोरडं... मी वीस वर्षं त्यांनी भरलेलं पाणी प्यायलेय."

"बंद घर आहे. कोण वापरणार?"

"माहितीय मला. तो नियम माझ्यावरच सुरू झालाय, मला नको सांगूस." तिनं पाइप खांद्यावर घेतला. "एवढं पाणी राहू दे. मी तरी नाही ओतणार."

मी वाद घातला नाही. घरी येऊन आपांनी दिलेल्या ढिगातली एक टोपी काढली. आपांच्याच जुन्या साडीची, बारीक जांभळ्या फुलांची. ती ड्रमवर ओढून बसवली, कड चाचपून पाहिली. ती घट्ट आहे. पण कापडाचा भरवसा किती धरायचा हे आपांना आणि मला, दोघींनाही ठाऊक होतं, आणि कोपऱ्यावरच्या घरात कालपासून ताप आहे. नवीन बाळ-बाळंतीण आहेत तिथं.

आमच्या शहरात दोनशे लिटर चांगलं पाणी मोरीत सोडायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. ते वाटायचं, हा एकच मार्ग आहे. प्रत्येक दारात जाऊन सांगायचं, आपांच्या अंगणातून एक बादली भरून न्या आणि आजच वापरून टाका. पहिली बादली मंदाची. मग तळाचं पाणी कलंडवायला तिचाच हात मागायचा, मी कड धरीन, तिनं बूड उचलायचं. मग काथ्या, रेघेपाशी जास्त. मग पालथा.

पुढच्या नळाच्या आत करायच्या कामांत मी हे सगळ्यात वर लिहिलंय. खालची कामं झाली. वीज बिल भरलं, पूर्वाला फोन केला, सासूबाईंच्या गोळ्या आणल्या. आज संध्याकाळी बादली घेऊन मंदाच्या दारापर्यंत गेलेही होते. ती स्वयंपाकघरात होती, दिवा लागलेला होता. कडी वाजवली नाही... परत आले. बादली अजून आमच्या जिन्यात आहे.